बोलून दिलेलं भांडं

वकीलसाहेब आमच्या बाजूचे होते की समोरच्या, हे मला अजून सांगता येत नाही. माणूस गेला, त्याची वरची खोली धुऊन-पुसून दुसऱ्याला दिली, तरी माझा गोंधळ तसाच आहे. कोणी विचारलं, कसे होते हो तुमचे ते परदेशातले वकील, तर मी पटकन म्हणते, चांगले होते. आणि मग दुकानात येऊन बसले की स्वतःशीच म्हणते, चांगले होते? आपली भट्टी गेली ना बाई.

आमचं भंडाऱ्यात पितळी भांड्यांचं दुकान. समोर दुकान, मागं राहायचं घर, आणि गल्लीच्या टोकाला भट्टी. भट्टी मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. भांडी ते ठोकत, बुडाला आपला ठसा मारत, आणि विकायचं काम माझ्याकडं. आमचे हे वरठीच्या कारखान्यात पाळीवर जातात, त्यांना पितळेत कधी रस नव्हता. वरची खोली रिकामी होती. एक दिवस जवळच्याच अड्याळचे एक गृहस्थ खोली बघायला आले. पायात बूट, अंगात उन्हाळ्यात कोट, आणि बोलणं छापील पुस्तकासारखं. आयुष्य सगळं बाहेरच्या देशांत वकिलीत गेलं म्हणाले. आता इकडंच राहायचं, पण गावात भावाकडं नाही.

लोक खोली बघायला आले की पाण्याचं विचारतात. हे जिन्यातच थांबले.

"ही तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा बुटकी आहे, ताई."

"असू द्या ना. आजपर्यंत कोणी पडलं नाही."

"पडलेल्यांपैकी कोणी तुम्हाला येऊन सांगितलं नाही. तुम्हाला फक्त तेवढं माहीत आहे."

मला तेव्हाच वाटलं होतं, हे ध्यान नको. पण मामाजी म्हणाले, "अड्याळचा हाय. येऊ दे." आले. आल्या दिवशी त्यांनी त्या पायरीला लाल पट्टी चिकटवली. दुसऱ्या दिवशी मामाजी पाण्याची टाकी बघायला वर चालले होते. जन्मभर त्या जिन्यावर न बघता चढणारा माणूस, पट्टीकडं बघायला गेला आणि घसरला. गुडघा फुटला.

मी हळद घेऊन धावले, तर साहेब वरून म्हणतात, "बघा. मी म्हटलं होतं."

"पट्टी नसती तर नसतो पडलो," मामाजी म्हणाले.

झालं. संध्याकाळभर दोघं जिन्यात बसून वाद घालत राहिले, चूक पायरीची की पट्टीची. मी ऐकत होते म्हणून सांगते, साहेब आधी पायरीच्या विरुद्ध बोलले, मग पट्टीच्या विरुद्ध, मग मामाजींच्याच. प्रत्येक वेळी मला पटलं. शेवटी मी विचारलं, "मग चूक कोणाची?" तर म्हणाले, "भांडता येईल."

हा त्यांचा ठरलेला शब्द. काहीही विचारा. दूध नासलं, चूक गवळ्याची की उन्हाची? भांडता येईल. लाईट गेली, बोर्डाची चूक की वादळाची? भांडता येईल.

त्यांचं काम काय होतं ते मामाजींनी एकदा खोदून खोदून विचारलं. साहेब म्हणाले, समजा एक शिडी आहे. बनली एका देशात, विकली दुसऱ्या देशात, मोडली तिसऱ्या देशात, आणि जो पडला तो चौथ्या देशाचा. आता खटला कुठं चालवायचा, कायदा कोणाचा लावायचा? यावर मी भांडायचो.

"म्हणजे भांडण कुठं करायचं, यावर तुम्ही भांडत होते?"

"हो. त्यातच वर्षं जायची."

"अन् मंग खरं भांडण?"

"तोपर्यंत सगळे थकायचे. मग तडजोड."

मामाजींनी पेला खाली ठेवला. मग विचारलं, "तुम्ही कोनाच्या बाजूनं असत होते? बनवणाऱ्याच्या की पडणाऱ्याच्या?"

"ज्याचा फोन आधी येईल त्याच्या."

मामाजींना वाटलं साहेब गंमत करून राहिले. मला तसं वाटलं नाही. त्यांचा चेहरा गंमत करणाऱ्या माणसाचा नव्हताच.

गल्लीत त्यांचं नाव खबरदार वकील पडलं. माचिसची पेटी घेतली तरी आधी चारी बाजूंनी वाचणार. अगरबत्तीच्या पुड्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते मला त्यांच्यामुळं कळलं. प्रेशर कुकरच्या शिट्टीला उठून उभे राहायचे, आणि शिट्टी थांबली की बसायचे. कोणाचा मिक्सर बिघडला, कोणाची गरम पाण्याची पिशवी फुटली, की बाया त्यांच्याकडं जायच्या. ते वस्तू हातात घेऊन प्रत्येकीला तेच विचारायचे. हे बनवलं कोणी? विकलं कोणी? वापरलं कोणी? आणि मधे कोण काय बोललं? शेवटच्या प्रश्नावर ते फार वेळ घ्यायचे. दुकानदार काय बोलला, तो कुठं उभा होता, तुम्ही तेव्हा कुठं बघत होत्या. बायांना वाटायचं आता साहेब कंपनीला सरळ करणार. साहेब सगळं ऐकून घ्यायचे, मान हलवायचे, आणि मिक्सर परत द्यायचे.

चहाला खाली यायचे ते आपला काचेचा ग्लास घेऊन. आमच्या घरात पितळी पेल्यात चहा द्यायची रीत आहे, आतून कल्हई केलेला, चकचकीत. साहेबांनी त्याला कधी तोंड लावलं नाही. मामाजींना ते लागायचं.

"काहून साहेब, आमच्या भांड्यावर भरोसा नाही?"

"माझा कशावरच नाही, भाऊ. काच फुटली की निदान कळतं."

मामाजी त्या दिवशी भट्टीवर जाऊन उगाचच ठोकत बसले.

आता आमच्या दुकानाची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पितळेचं भांडं आम्ही कोरं विकतो. कल्हई गिऱ्हाइकानं करून घ्यायची, कल्हईवाला चौकातच बसतो. कोऱ्या पितळेत आंबट शिजवलं किंवा ठेवलं तर ते कळकतं. हिरवट होतं, तोंडाला कसंतरी लागतं, आणि पोटात गेलं तर उलट्या. हे आमच्याकडं घराघरात माहीत आहे. तरी मामाजींचा नियम असा, की भांडं गिऱ्हाइकाच्या हातात देताना आपण दोन्ही हातांनी धरायचं, तोंडानं सांगायचं, आणि मगच सोडायचं. "कल्हई करूनच वापरजा. आंबट ठेवू नोका, कळकते." समोरची बाई म्हणते, "हो माय, माहीत हाय." मग हात सोडायचा. याला मामाजी बोलून देणं म्हणतात. आतल्या खोलीतून भांड्याचा आवाज ऐकला की विचारतात, "बोलून दिलं का?" लग्न होऊन आले तेव्हा मला हे लाजिरवाणं वाटायचं. साठीच्या बायांना मी काय पितळ शिकवू? पण सवय लागली. झोपेतही बोलत असेन.

मग एक नागपूरचा व्यापारी आला. त्याला बाहेरदेशी पाठवायला गंज पाहिजे होते. गंज म्हणजे आमच्याकडं भाजी-वरण शिजवायचं उभट भांडं. पुष्कळ पाहिजे होते. कल्हई नको म्हणाला, आतूनही सोन्यासारखं पिवळं दिसलं पाहिजे. मामाजी तो अख्खा हिवाळा हातोडी घेऊन बसले. इतके खुशीत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. आपला ठसा समुद्रापार चालला, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

माल न्यायला टेम्पो आला. पेट्या चढल्या, दोर बांधला. मामाजी आतून म्हणाले, "बोलून दिलं का?"

मी म्हटलं, "मामाजी, कोनाले बोलू? पेट्यायले?"

"माल नेऊन कोन राहिला?"

मग मी टेम्पोवाल्याजवळ गेले. तो बिचारा दात कोरत होता. मामाजी स्वतः बाहेर येऊन टेम्पोतली शेवटची पेटी दोन्ही हातांनी धरून उभे, आणि मी म्हटलं, "कल्हई करूनच वापरजा. आंबट ठेवू नोका, कळकते." तो म्हणाला, "हो माय, माहीत हाय." मामाजींनी हात सोडला. टेम्पो गेला. आमच्या दोघांच्याही मनात आलं नाही की यात काही राहून गेलं.

पुढच्या वर्षी नोटीस आली. बेल्जियममधल्या एका बाईनं तो गंज घेतला, त्यात टमाट्याचं काहीतरी आंबट शिजवलं, त्यातच झाकून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी घरात वाढलं. तिची लहान मुलगी दवाखान्यात गेली. बाईनं तिथल्या दुकानावर दावा लावला. दुकानानं नागपूरच्या व्यापाऱ्यावर बोट ठेवलं, व्यापाऱ्यानं आमच्यावर. सोबत फोटो होता. गंजाचं बूड, आणि बुडावर मामाजींचा ठसा, अगदी स्वच्छ उठलेला.

घरात मयत झाल्यासारखं झालं. मी नोटीस घेऊन वर गेले, की निदान इंग्रजी तरी वाचून सांगा. साहेबांनी वाचली आणि काय सांगू, त्या माणसाचे डोळे चमकले. तिसरी पायरी न बघता धडाधड खाली आले. मामाजींसमोर खुर्ची ओढून बसले, आणि बनवलं कोणी, विकलं कोणी सुरू केलं. माझं डोकं असं फिरलं की खोली खाली करा म्हणणारच होते.

मामाजींनी मात्र एकच विचारलं. "साहेब, पोट्टी वाचली का?"

"तो प्रश्न विचारायचा नाही, भाऊ. अजिबात नाही. विचारला म्हणजे तुम्ही चूक कबूल केल्यासारखं होतं."

"पन वाचली का?"

साहेबांनी कागद उलटा ठेवला. म्हणाले, यात लिहिलेलं नाही.

मग साहेबांनी आम्हाला वाट सांगितली. व्यापाऱ्यानं माल परदेशी पाठवताना शोभेची वस्तू म्हणून पाठवला होता. मामाजींची साक्ष कॉम्प्युटरवरून होणार. त्यांनी फक्त म्हणायचं, मी शोभेच्या वस्तू बनवतो. मग शोभेच्या वस्तूत स्वयंपाक केला ही त्या बाईची चूक, आणि आपण सगळे सुटलो. मामाजी जर म्हणाले की हे स्वयंपाकाचं भांडं आहे, तर पुढचा प्रश्न असणार, मग इशारा का दिला नाही? आणि तिथं भट्टी जाणार. दुकानही जाईल कदाचित.

"अन् मी बोलून दिलं होतं ते?" मामाजींनी विचारलं.

"कोणाला?"

"टेम्पोवाल्याले."

साहेबांनी चष्मा काढला. पुन्हा सांगा म्हणाले. मी सांगितलं, टेम्पोवाला कुठं उभा होता, दात कोरत होता, काय म्हणाला. साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. आयुष्यात खूप इशारे पाहिले म्हणाले, छापलेले, कोरलेले, लहान मुलांना कळावेत म्हणून चित्रांतले. असा नाही पाहिला. मी विचारलं, "मग हा चालेल का कोर्टात?" ते म्हणाले, "भांडता येईल." पण या वेळी आवाजात जोर नव्हता. लगेच म्हणाले, नको, टेम्पोवाल्याचं नावच काढायचं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. रोज सकाळी चहानंतर साहेब समोरच्या वकिलाचं सोंग घ्यायचे. सोंग कसलं, अंगातच यायचं त्यांच्या. मामाजींना उभं करायचे आणि अंगावर यायचे. "हे काय आहे?"

"गंज."

"गंज कशासाठी?"

"सैपाकासाठी."

"हरलो. ताई, चहा ठेवा."

पुन्हा. "हे काय आहे?" "गंज." "हरलो." कधी कधी साहेब इतके चिडायचे की छापील भाषा सुटून अड्याळची बोली बाहेर यायची. "अहो भाऊ, काहून समजून नाही राहिले तुमी? एकच शब्द हाय." मामाजी मान खाली घालून उभे. सत्तरीच्या माणसाला कोणी असं उभं करतं का? मला रडूही यायचं आणि रागही.

आणि तरी खरं सांगू, मी साहेबांच्याच बाजूनं होते. मी मामाजींना म्हटलं, म्हणून टाका ना. तोंडानंच तर म्हणायचं आहे. भट्टी वाचत असेल तर मी गंजाला फुलदाणी म्हणायला तयार होते, आणि शपथेवर. मामाजी म्हणाले, "सूनबाई, फुलदाणी ठोकाले येवढा मार नाही लागत."

पण शिकले ते. हळूहळू शिकले. एका सकाळी साहेबांनी विचारलं, हे काय आहे, आणि मामाजी भिंतीकडं बघून म्हणाले, "शोभेची वस्तू." साहेब टाळी वाजवतील असं मला वाटलं होतं. त्यांनी ग्लास बाजूला सारला. चहा थंड झाला तरी प्यायले नाहीत. त्या दिवसापासून मामाजींची भट्टी बंद. हातोडी उचलायचे आणि परत ठेवायचे. जेवण अर्ध्यावर आलं.

साक्षीचा दिवस आला. दुपारी वरच्या खोलीत कॉम्प्युटर लावलेला. सकाळी साहेब खाली आले आणि मला म्हणाले, "ताई, त्या मालातला एखादा गंज उरला आहे का?"

होता एक. मी आमच्यासाठी ठेवला होता, कल्हई करून.

"त्यात आंबाडीची भाजी करा. चांगली आंबट. वर घेऊन या."

मी म्हटलं, साहेब, आज? तर म्हणाले, "भाऊंची साक्ष सुरू व्हायच्या आधी."

आंबाडीपेक्षा आंबट आमच्याकडं काही नाही. मी केली. सोबत भाकर केली आणि गंजासकट वर नेली. मामाजी धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसले होते, ओठ हलत होते, वाक्य पाठ करत असतील. साहेब त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. काचेची ताटली घेतली नाही, काही नाही. सरळ गंजात भाकर बुडवली आणि खाल्ली. ज्या माणसानं आमच्या पेल्याला कधी ओठ लावला नाही, तो बोटं चाटून गंज पुसत होता. मामाजी बघत होते. मीही बघत होते. मग हात धुऊन साहेब कॉम्प्युटरच्या मागं जाऊन उभे राहिले, जिथून ते मामाजींना दिसतील आणि पडद्यावरच्यांना दिसणार नाहीत.

पडद्यावर एक गोरी वकीलबाई, आणि एक दुभाषा, पुण्याकडचा कोणी. तिनं गंज दाखवला.

"हा ठसा तुमचा?"

"माहा."

"ही वस्तू काय आहे?"

मामाजींनी पडद्याकडं बघितलं नाही. साहेबांकडं बघितलं. साहेबांच्या मिशीला अजून आंबाडी लागलेली होती.

"गंज हाय," मामाजी म्हणाले. "सैपाकाचा. कल्हई करून वापरा लागते."

दुभाष्यानं सांगितलं. बाई पुढं झुकली. मग इशारा दिला होता का?

"हो. बोलून दिलं होतं."

"कोणाला?"

"टेम्पोवाल्याले."

दुभाषा थांबला. त्यानं मामाजींना पुन्हा विचारलं, आणि मामाजींनी पुन्हा तेच सांगितलं, टेम्पोवाला हो म्हणाला हेही सांगितलं. दुभाष्यानं कसंबसं तिकडं पोचवलं. त्या बाईनं ते लिहून घेतलं. मला वाटलं हसेल, पण हसली नाही. तेवढ्यात मामाजींनी विचारलं, कोणी विचारायला सांगितलं नसताना, "पोट्टी कशी हाय आता?"

मी साहेबांकडं बघितलं. आता हा माणूस कपाळावर हात मारणार. ते डोळे मिटून उभे होते.

दुभाष्यानं विचारलं. ती बाई जराशी गोंधळली, मग काहीतरी बोलली. दुभाषा म्हणाला, "बरी आहे. शाळेत जाते."

"झालं मंग," मामाजी म्हणाले, आणि खुर्चीतून उठले. साक्ष अजून संपली नव्हती. त्यांना कोणी बसवू शकलं नाही. खाली आले आणि उरलेली भाकर मागून घेतली.

निकाल लागला तेव्हा साहेबांनी मला तो बसवून समजावला, आणि मला तो आजही नीट कळलेला नाही. सगळेच थोडे थोडे चुकले असं काहीतरी होतं. दुकान चुकलं, व्यापारी चुकला, शिजवणारी बाई थोडी चुकली, आम्ही चुकलो. आमच्या वाट्याला जे आलं त्यात भट्टी गेली, जागेसकट. दुकान राहिलं. ठशाचा पंच मामाजींनी उशाखाली ठेवला.

"शोभेची वस्तू म्हटलं असतं तर?" मी साहेबांना विचारलं.

"बहुतेक सुटला असता."

"मग तुम्ही त्या दिवशी आंबाडी कायले खाल्ली?"

"भूक लागली होती."

पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं, तर म्हणाले, साक्षीदाराचं लक्ष दुसरीकडं गेलं की तो घाबरत नाही. पुन्हा एकदा विचारलं, तर मलाच उलट विचारलं, "मी खाल्ली म्हणून भाऊ खरं बोलले, हे तुम्ही कशावरून म्हणता?" मी भांडी घासत होते, हातातली राख तशीच घेऊन उभी राहिले. कशावरून म्हणते मी? मामाजींना विचारलं तर ते म्हणाले, "साहेबायनं खाल्ली बिचाऱ्यानं, एवढंच मी पाह्यलं." दोघांनी मिळून मला वेडं करायचं ठरवलं होतं जणू.

नंतर साहेबांना एक नाद लागला. आमच्या भांड्यांसाठी इशाऱ्याची चिठ्ठी लिहायची. लिहायचे, खोडायचे, खाली आणून वाचून दाखवायचे. एवढी लांब की मामाजी म्हणाले, "हे वाचून होईपर्यंत वरण करपते, साहेब." कंपन्यांसाठी आयुष्यभर असल्या सूचना तपासलेल्या माणसाला आमच्या एका गंजाची सूचना जमेना. शेवटी म्हणाले, "ताई, तुम्ही जे बोलता तेच बरोबर आहे. पण ते कागदावर येत नाही."

मग त्यांची तब्येत उतरली. श्वास लागायचा, जिना चढवेना. भावाचा निरोप आला, आता इकडंच या. ज्या घरी जायचं नाही म्हणून आमच्याकडं आले होते, तिथंच चालले. आदल्या दिवशी ते दुकानात माझ्यासमोर बसले, आणि मी न विचारताच बोलले.

"आयुष्यभर मी माणसांना शिकवलं, ताई. तुमची शिडी ही शिडी नाही म्हणा. तुमचा पाळणा हा पाळणा नाही म्हणा. सगळे शिकले. एकूण एक शिकला. भाऊही शिकले त्या सकाळी." मग छापील भाषा सुटली. "मंग मले वाटलं, एक तरी गडी न शिको."

मला आधी भरून आलं. आणि लगेच डोकं तापलं. म्हणजे यांना वाटलं म्हणून आमची भट्टी गेली? यांना बघायचं होतं, आणि मोडलं आमचं?

"साहेब, भट्टी मग तुमच्यामुळं गेली."

"माझ्यामुळं असेल. भाऊंमुळं असेल. टेम्पोवाल्यामुळं असेल." ते थांबले, दम घेतला. "भांडता येईल."

या माणसाच्या पाया पडावं की याला हाकलावं, मला कळेना. उठून दुकानाच्या फळ्या लावल्या.

सकाळी ऑटो आला. मामाजींनी आपल्या हातचा शेवटचा गंज काढून ठेवला होता, कोरा. मला म्हणाले, साहेबांना दे. स्वतः बाहेर आले नाहीत, आतल्या खोलीत बसून राहिले. मी गंज घेऊन ऑटोजवळ गेले. साहेबांनी दोन्ही हात पुढं केले. मी दिला, हात सोडला, आणि त्यांची पिशवी आत सरकवत राहिले. त्यांनी गंज मांडीवर घेतला. ऑटो निघाला. मी तशीच आत आले.

"बोलून दिलं का?" मामाजींनी विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा मुकं भांडं दिलं होतं मी, आणि तेही त्या माणसाला. पदर खोचला आणि पळाले. लोक बघत होते, बघू देत. चौकात कल्हईवाल्याच्या अलीकडं गाई आडव्या बसल्या होत्या म्हणून ऑटो थांबलेला. मी दांडा पकडला, धापा टाकत म्हटलं, "साहेब, कल्हई करूनच वापरजा. आंबट ठेवू नोका, कळकते."

साहेब गंजात वाकून बघत होते. त्यांनी मान वर केली नाही. खांदे हलले, ते हसत होते की खोकत होते, देव जाणे.

"हो माय, माहीत हाय," ऑटोवाला म्हणाला. गाई उठल्या आणि ऑटो गेला.

मी परत आले, पायऱ्यांवर बसले. साहेब त्याच पावसाळ्यात वारले, तो गंज त्यांनी वापरला की कोनाड्यात शोभेला ठेवला, अड्याळहून कोणी सांगितलं नाही. त्या सकाळी मला एवढंच वाटत होतं की चला, काम झालं.

आतून मामाजींचा आवाज आला. "बोलून दिलं का?"

"दिलं, मामाजी."

मग त्यांनी विचारलं, "कोनाले?"